स्पोर्ट्स कार आणि ओम्नीमध्ये साम्य काय? ४२ अंशांच्या उन्हात जुनी गाडी एवढी का तापते, आणि ती गार कशी ठेवायची?

दुपारचे दोन वाजलेत. तुळजापूरहून येरमाळ्याकडे निघालेली एमएच-२५ पासिंगची एक जुनी ओम्नी. आत ड्रायव्हर धरून आठ माणसं. एसी नाही, चारही बाजूंच्या काचा उघड्या, आणि आत येणारा वारा मात्र भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा. पुढच्या सीटवर बसलेल्याला वरून ऊन लागतंय आणि खालून सीट तापतेय.

धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हे चित्र नवं नाही. पारा चाळिशीपार जातो तेव्हाच इथं लग्नसराई असते. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा असते आणि तुळजापूरची गर्दी तर बारमाही. म्हणजे ज्या दिवसांत घराबाहेर पडू नका असं सांगितलं जातं, नेमक्या त्याच दिवसांत लोक सर्वाधिक प्रवास करतात. आणि त्यातल्या कितीतरी गाड्या जुन्या असतात.

दुसरीकडे, १ ऑक्टोबर २०२५ पासून देशात तयार होणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. उन्हात गाडी चालवणं हा आरोग्याचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे, हे सरकारनं त्यातून मान्य केलं. मग जुन्या गाड्यांचं काय? त्या एवढ्या का तापतात? एसी बसवावा का? काचेला फिल्म लावली तर दंड होतो का? आणि खिशाला फार चाट न लावता काय करता येतं?

सोप्या भाषेत समजून घेऊ.

स्पोर्ट्स कारचा इथं काय संबंध?

जगभरात जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या हौशी लोकांची उन्हाळ्यातली एकच तक्रार असते, ती म्हणजे गाडी आतून भाजून काढते. त्याची कारणं गाडीच्या रचनेत आहेत.

स्पोर्ट्स कार बुटकी असते आणि तिची पुढची काच खूप तिरपी असते. काच जितकी आडवी, तितकं डोक्यावरचं ऊन थेट आत येतं. वजन कमी ठेवायचं म्हणून पत्र्याच्या आत उष्णता अडवणारं अस्तर पातळ असतं. आणि अनेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन बॉनेटखाली नसतं, ते दोन चाकांच्या जोड्यांच्या मधोमध, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीला लागून असतं. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे काही मॉडेल्समध्ये उकळतं पाणी वाहून नेणारे पाइप थेट केबिनच्या खालून जातात.

आता आपली ओम्नी आठवा. तिला बॉनेटच नाही. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे इंजिनाच्या जागेच्या बाबतीत ओम्नी स्पोर्ट्स कारच्या वंशातली आहे! वेग सोडा, पण उष्णतेचा त्रास मात्र तिनं पुरेपूर घेतलाय. सीटखालचं अस्तर फाटलं किंवा इंजिनाच्या झाकणाचं रबर गेलं, की सगळी धग थेट पायाला आणि मांडीला लागते.

वडापच्या जुन्या जीप, मारुती ८००, सुमो यांचं इंजिन पुढे असतं. पण वीस-पंचवीस वर्षांत त्यांचंही अस्तर कुजतं, दरवाजाची रबरं कडक होतात आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्याची भोकं उघडी पडतात. जिथून तारा आणि वायर आत येतात, तिथूनच गरम हवाही आत येते.

मोबाइलवर ४२ अंश दिसतं, मग गाडीत किती?

हवामान विभाग जे तापमान सांगतो ते सावलीतलं असतं. हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून उंचावर ते मोजतात. तुमची गाडी तशी उभी नसते. ती उन्हात, डांबरावर उभी असते.

काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, सीट आणि डॅशबोर्ड तापवतो. तापलेल्या वस्तू जी उष्णता सोडतात ती काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. शिवाय बंद गाडीतली गरम हवाही बाहेर पडत नाही. म्हणून पारा चढतच राहतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजलं गेलं. तिथलं हवामानही आपल्या मराठवाड्यासारखंच कोरडं आणि कडक. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत गेली. डॅशबोर्ड ६९ अंश, स्टिअरिंग ५३ अंश आणि सीट ५१ अंशांवर पोचली. सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांत मात्र तासाभरानं हवा ३८ अंशांच्या आसपास होती आणि डॅशबोर्ड ४८ अंशांवर.

म्हणजे एका लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली तर डॅशबोर्डच्या तापमानात वीस अंशांचा फरक पडू शकतो. तोही फुकट.

त्याआधी २००५ सालच्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं की बंद गाडीतली जवळपास ८० टक्के तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. "दोनच मिनिटांत येतो" म्हणून लेकराला गाडीत बसवून दुकानात जाणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. बाहेर ३० अंश असले तरी हा धोका राहतो.

आधी लोक काय करायचे?

गाडीतला एसी तसा जुना शोध आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. पण तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला पुढं काही दशकं गेली. तोपर्यंत तिथल्या वाळवंटी राज्यांत लोक गाडीच्या खिडकीला एक नळकांडं अडकवायचे. आत पाणी आणि ओली जाळी. गाडी धावली की वारा ओल्या जाळीतून आत यायचा. आपल्याकडच्या वाळ्याच्या पडद्याचं तत्त्व तेच.

आपल्याकडची पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेल्या या गाडीच्या पुढच्या दारांना छोटी त्रिकोणी काच असायची. ती तिरपी केली की धावत्या गाडीतला वारा वळून थेट अंगावर यायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला सेवेतून गेली. त्रिकोणी काच तर नव्या मॉडेल्समधून कधीच गेली होती, कारण एसी आल्यावर तिची गरज कुणाला वाटली नाही. अडचण एवढीच की एसी बंद पडलेल्या जुन्या गाडीत आता एसीही नाही आणि ती काचही नाही.

काचा उघड्या ठेवाव्यात की बंद?

इथं एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वारा म्हणजे गारवा, हे नेहमी खरं नसतं.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम असेल तर वारा शरीरातली उष्णता काढत नाही, उलट शरीरात घालतो. तरीही गार वाटतं ते घाम वाळत असल्यामुळे. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे शरीराचा एसी पाण्यावर चालतो. पाणी संपलं की तोच वारा तुम्हाला भाजतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असं सांगते.

मग करायचं काय? मराठवाड्यातली हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते. कोकणात ओला टॉवेल तासभर ओलाच राहतो, धाराशिवमध्ये तो दहा-पंधरा मिनिटांत वाळतो. हा आपला फायदा आहे. मानेवर, डोक्यावर ओलं उपरणं, मनगटं आणि चेहरा वारंवार ओला करणं, सुती सैल कपडे, आणि तहान लागण्याची वाट न बघता घोट घोट पाणी. बिनएसी गाडीत हेच सर्वात परिणामकारक आहे. आजोबा डोक्याला ओलं फडकं बांधून बैलगाडी हाकायचे, त्यामागचं विज्ञान हेच होतं.

इंजिन तापलं तर हीटर लावायचा? खरंच?

हो. ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे.

गाडीचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं. तुळजापूरच्या घाटात चढावर काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण लावा. इंजिनाची काही उष्णता केबिनमध्ये येईल, तुम्हाला पाच मिनिटं घाम फुटेल, पण इंजिन वाचू शकतं. तरीही काटा खाली आला नाही तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन बंद करा.

याचीच दुसरी बाजू. अनेक जुन्या गाड्यांत हीटरचा कॉक नीट बंद होत नाही. मग बारा महिने थोडं थोडं गरम पाणी फिरत राहतं आणि केबिन तापते. एसी "कमी मारतो" म्हणून लोक गॅस भरून आणतात, आणि दोष निघतो या कॉकचा. मेकॅनिककडे गेलात तर हे आधी तपासायला सांगा. खर्च अगदी किरकोळ असतो.

रेडिएटरबद्दलही दोन गोष्टी. पहिली, त्याचं झाकण पाणी दाबाखाली ठेवतं. सुमारे ०.९ बार दाबाचं झाकण असेल तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळ उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सोय जाते. आणि याच कारणामुळे इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की पाणी क्षणात उकळून तोंडावर उडतं. गाडी थंड होऊ द्या, घाई करू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडच्या अनेक बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. घरच्या हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. थर चढला की पाणी फिरतं, पण गार होत नाही. अडचणीच्या वेळी मिळेल ते पाणी टाका, पण एरवी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

एसीचा गॅस: जुन्या गाडीवाल्यांसमोरचा खरा पेच

१९९० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांच्या एसीत आर-१२ नावाचा वायू असायचा. तो ओझोनच्या थराला भोक पाडतो हे लक्षात आल्यावर माँट्रियल करारानुसार जगानं तो बंद केला. भारतात १ जानेवारी २०१० पासून तो थांबला.

त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट प्रभावी आहे. म्हणून २०१६ मध्ये किगाली करार झाला. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार आपल्याकडे अशा वायूंचा वापर २०२८ ला एका पातळीवर गोठवायचा, २०३२ पासून कमी करायला सुरुवात करायची आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

याचा अर्थ उद्या गॅस मिळणार नाही असा नाही. पण वायू गळत राहील आणि दर उन्हाळ्यात भरून घेऊ, ही सवय पुढच्या काळात महाग पडत जाईल. गळती शोधून ती बंद करणं आणि मगच गॅस भरणं, हे पर्यावरणासाठी जितकं बरोबर तितकंच खिशासाठीही.

गाडी फारच जुनी असेल आणि तिच्यात आर-१२ साठीचा एसी असेल, तर नुसता नवा गॅस भरून चालत नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल, ड्रायर आणि रबरी रिंगा बदलाव्या लागतात. जुनं तेल नव्या वायूबरोबर नीट फिरत नाही आणि कॉम्प्रेसर जातो. आणि कुणी स्वस्तात म्हणून घरगुती सिलिंडरचा गॅस एसीत भरून देत असेल तर सरळ नाही म्हणा. तो पेट घेतो, आणि एसीची कॉइल तुमच्या डॅशबोर्डच्या मागे असते.

एसी चालू आहे पण ट्रॅफिकमध्ये गार करत नाही आणि हायवेवर करतो, असं असेल तर बहुतेकदा दोष गॅसचा नसतो. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकलेले असतात, किंवा त्याचा पंखा कमजोर झालेला असतो. आधी तिथं बघा.

काचेला फिल्म लावली तर दंड होतो का?

हा प्रश्न सोशल मीडियावर दर उन्हाळ्यात फिरतो आणि उत्तरं अर्धवट असतात.

नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोयंका प्रकरणात निकाल दिला आणि काचेवर वरून चिकटवलेल्या फिल्मवर बंदी आली, मग ती कितीही पारदर्शक असो.

पुढं नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेलाही मान्यता मिळाली. त्याचा आधार घेत सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

पण हा निकाल केरळचा आहे. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलं तर तो दाखवून सुटका होईलच याची खात्री नाही. त्यामुळे फिल्म लावायचीच असेल तर प्रमाणपत्र असलेली, अटीत बसणारी लावा, पावती गाडीत ठेवा आणि आधी आरटीओ कार्यालयात विचारा. काळी फिल्म मात्र कुठेच चालत नाही.

उभ्या गाडीच्या पुढच्या काचेवर चमकदार पडदा लावायला कुणाची हरकत नाही. तो नसेल तर पांढरी चादरही चालते. फक्त गाडी सुरू करण्याआधी काढा.

ट्रकला एसी आला, पण कुणाच्या ट्रकला?

आता मूळ मुद्द्याकडे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जून २०२३ मध्ये ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करणार असं जाहीर केलं. ४३ ते ४७ अंशांत बारा-चौदा तास ट्रक चालवणाऱ्यांची अवस्था काय होत असेल, हा त्यांचा मुद्दा होता. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली. साडेतीन टनांपेक्षा जास्त वजनाच्या, म्हणजे एन-२ आणि एन-३ गटातल्या मालवाहू गाड्यांना ती लागू आहे.

पण त्यातला कळीचा शब्द आहे 'तयार होणाऱ्या'. १ ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर बनलेल्या गाड्यांनाच हा नियम आहे. नळदुर्ग-उमरगा मार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आज धावणारे जुने ट्रक त्यात येत नाहीत. साडेतीन टनांपर्यंतचे छोटे टेम्पो येत नाहीत. ओम्नी, वडाप जीप तर नाहीतच.

नियम चुकीचा आहे असं नाही. जुन्या गाड्यांवर एसीची सक्ती केली असती तर तो खर्च शेवटी त्याच ड्रायव्हर-मालकाच्या बोकांडी बसला असता. पण ट्रक पंधरा-वीस वर्षं चालतो. नवा ट्रक मोठी कंपनी घेते, आणि तोच ट्रक काही वर्षांनी हात बदलत छोट्या मालकाकडे येतो. म्हणजे एसी केबिन धाराशिवच्या छोट्या मालकापर्यंत पोचायला बरीच वर्षं जातील. आणि तोपर्यंत तो एसी चालू असेल का, डिझेल वाचवायला तो बंद ठेवावा लागेल का, हे प्रश्न आहेतच.

म्हणून मधल्या काळात छोटे उपाय महत्त्वाचे ठरतात. महामार्गावर आणि बसस्थानकाबाहेर सावलीची थांबण्याची जागा, पिण्याचं पाणी, यात्रेच्या दिवसांत वाहनतळावर मंडप. यातलं काहीच महागडं नाही. ग्रामपंचायती, नगरपालिका, देवस्थानं आणि पंपचालक हे करू शकतात, काही ठिकाणी करतातही.

निघण्याआधी ही यादी बघा

- शक्य असेल तर सकाळी ११ च्या आत किंवा दुपारी ४ नंतर निघा.
- रेडिएटरचं पाणी, फॅन बेल्ट, पंखा आणि टायरची हवा इंजिन थंड असताना तपासा.
- तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी लावू नका. सगळी दारं मिनिटभर उघडा, गरम हवा बाहेर जाऊ द्या. काचा उघड्या ठेवून थोडं अंतर चाला, मग काचा बंद करून एसी आतल्या हवेवर ठेवा.
- सीटवर आणि स्टिअरिंगवर फिकट सुती कापड टाका. पाणी जास्तीचं ठेवा, माणसांसाठी वेगळं आणि रेडिएटरसाठी वेगळं.
- पुढच्या वेळी गाडीला रंग द्यायचा असेल तर फिकट द्या. अमेरिकेतल्या २०११ च्या एका प्रयोगात उन्हात उभ्या काळ्या गाडीपेक्षा चंदेरी गाडीची आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली होती.
- इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. जुन्या सायलेन्सरमधून गळणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

आणि हे मात्र विसरू नका

गाडी चालवताना डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे येणं ही शरीराची पहिली सूचना असते. "आता पोचतोच आहोत" असं म्हणत गाडी हाकू नका. थांबा, सावलीत बसा, पाणी प्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, त्वचा तापलेली असेल, शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, बगलेत आणि मानेवर गार फडकी ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

जुनी गाडी घाटात थांबली तर लोक ड्रायव्हरला नावं ठेवतात. यंदा तुमच्या वडापचा ड्रायव्हर पाच मिनिटं झाडाखाली थांबला, तर त्याला घाई करू नका. त्यालाही पाणी विचारा. तुमच्या प्रवासातला सर्वात तापलेल्या जागी बसलेला माणूस तोच असतो.